तोंडातली बुरशी आणि एचआयव्ही: पांढरा थर गेला, पण तो आला कशामुळे?

कवडसा (धागाकर्ती)

मी दंतवैद्य आहे, तोंडाच्या आजारांच्या विभागात काम करते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या तोंडात होणाऱ्या बुरशीबद्दल नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं. इथे या विषयावर सुटे प्रश्न अधूनमधून येतात आणि उत्तरं बहुतेक वेळा 'अमुक गोळी घ्या' इथेच थांबतात. गोळी लागतेच, त्यात वाद नाही. पण गोळीने थर जातो आणि ज्यामुळे थर आला ते तसंच राहतं. काही महिन्यांनी तोच माणूस पुन्हा येतो तेव्हा वजन उतरलेलं असतं, घास गिळवत नसतो. हे टाळता येण्यासारखं असतं म्हणून जास्त वाईट वाटतं.

कँडिडा अल्बिकन्स ही यीस्टच्या जातीची बुरशी. धडधाकट माणसांपैकीही बऱ्याच जणांच्या तोंडात ती मुक्कामाला असते आणि जन्मभर त्रास देत नाही. लाळ, तोंडातले इतर जिवाणू, अस्तराच्या पेशी हे सगळे मिळून तिला आवरून धरतात. त्यातलं मोठं काम सीडीफोर या पांढऱ्या रक्तपेशींच्या एका गटाचं. हा गट आयएल-१७ नावाचा संदेश सोडतो आणि तोंडाचं अस्तर व न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या रक्तपेशी यांना सावध ठेवतो. एचआयव्ही नेमका सीडीफोर पेशींवर घाला घालतो, आणि हा गट लवकर खचतो. मग गोल यीस्टना लांब धागे फुटतात आणि ते अस्तरात घुसतात. न्यूट्रोफिल पेशी शाबूत असल्यामुळे बुरशी सहसा रक्तात पसरत नाही; तोंड, घसा आणि अन्ननलिका मात्र सापडतात.

सीडीफोरचा आकडा (रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे) २०० च्या खाली गेला की तोंडातल्या बुरशीचं प्रमाण चांगलंच वाढतं. १०० च्या खाली गेल्यावर अन्ननलिकेची शक्यता वाढते. पण आकडा २०० च्या वर आहे म्हणून बुरशी होणारच नाही, असं समजू नये.

आता दिसते कशी. सगळ्यांना माहीत असलेलं रूप म्हणजे पांढरे, नासलेल्या दुधाच्या कणांसारखे ठिपके किंवा थर. गालाच्या आतून, टाळूवर, जिभेवर, घशाकडे. लाकडी पट्टीने किंवा गॉजने पुसलं की निघतात आणि खालची जागा लाल, हुळहुळी, कधी रक्ताळलेली दिसते. हे रूप ओळखायला सोपं.

दुसरं रूप लाल असतं, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याच्याबद्दल. टाळूवर लालसर चट्टे येतात, किंवा जिभेच्या मधोमध एक पट्टा गुळगुळीत, लाल होतो, तिथले बारीक उंचवटे गेलेले असतात. पांढरं काहीच नसतं. माणूस म्हणतो 'तोंड आलंय, तिखट सोसवत नाही', बघणारा 'उष्णता झालीय' म्हणतो, जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतो आणि वेळ निघून जातो. टॉर्च घेऊन, मान मागे करायला लावून टाळू पाहिल्याशिवाय हे दिसतच नाही.

तिसरं, ओठांच्या कोपऱ्यात पडणाऱ्या चिरा. दोन्ही बाजूंना असतील आणि भरत नसतील तर तोंड उघडून आतही बघायला हवं. यात बुरशीबरोबर कधी जिवाणूही असतात. चौथं, न निघणारा जाड पांढरा चट्टा. हे कमी दिसतं, आणि याचा तुकडा तपासावा लागतो.

आणखी एक गोष्ट बुरशीत गणली जाते, पण ती बुरशी नाही. जिभेच्या कडेला उभ्या रेघांसारखा, केसाळ वाटणारा पांढरा पट्टा, पुसून न जाणारा. हा एप्स्टीन-बार विषाणूमुळे होतो. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या डॉक्टरांनी त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं. त्याला बुरशीच्या औषधाने काही फरक पडत नाही. पण प्रतिकारशक्ती घटल्याची खूण म्हणून तोही तितकाच महत्त्वाचा आहे.

प्रश्न असतील ते विचारा. ज्यांना स्वतःबद्दल लिहायचं नसेल त्यांनी 'ओळखीतल्या एकाला' असं लिहिलं तरी चालेल.

---

टिपकागद

चांगला धागा. मी प्रयोगशाळेत आहे, सूक्ष्मजीवशास्त्र.

इतिहासातली एक नोंद जोडतो. ५ जून १९८१ ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या ५ तरुण पुरुषांच्या न्यूमोनियाची छोटीशी बातमी आली होती. एड्सची वैद्यकीय नोंद तिथून सुरू झाली असं मानतात. न्यूमोनियाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, पण त्याच अहवालात लिहिलंय की पाचही जणांना कँडिडाचा संसर्ग होता. विषाणू सापडायला अजून दोन वर्षं होती. तोंडात खूण आधीच उमटलेली होती.

---

गवतफूल

मी हे वाचून आरशासमोर जाऊन आले. माझी जीभ सकाळी नेहमी पांढरट असते. घासली की बरीचशी जाते. मला मधुमेह वगैरे काही नाही. आता रात्रभर झोप लागणार नाही. एचआयव्हीची चाचणी करावी का?

---

कवडसा

गवतफूल, आधी शांत व्हा. सकाळी जिभेच्या पाठीवर असणारा पातळ पांढरट लेप बहुतेकांना असतो. मेलेल्या पेशी, जिवाणू आणि अन्नाचे कण. तो ब्रशने निघतो आणि खाली लाल जखम राहत नाही. गालाच्या आतून, टाळूवर काही नाही, जळजळ नाही, चवीत बदल नाही, तर ही बुरशी वाटत नाही.

खरी बुरशी झाली तरी तिची कारणं अनेक असतात. नुकतीच घेतलेली अँटिबायोटिक्स, दम्याचा स्टिरॉइडवाला पंप वापरून चूळ न भरणं, ताब्यात नसलेला मधुमेह, रात्रंदिवस तोंडात राहणारी कवळी, कोरडं तोंड, केमोथेरपी. तान्ह्या बाळांच्या तोंडात तर ती सर्रास होते, त्यावरून बाळाला एचआयव्ही आहे असं कोणी धरू नये.

मात्र मोठ्या माणसाला यातलं एकही कारण नसताना तोंडात खरोखरची बुरशी झाली, तर एचआयव्हीची चाचणी करायलाच हवी. आणि तसंही, आयुष्यात एकदाही चाचणी झाली नसेल तर ती करून घेण्यात गैर काही नाही. भीतीपोटी करू नका, माहिती असावी म्हणून करा.

---

उंबरठा

मी स्वतः एचआयव्हीसह जगतोय. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं, सुरू होऊन बरीच वर्षं झाली, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दिसत नाही इतका कमी आहे, तब्येत उत्तम. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी घाबरणार नाही.

माझं निदान तोंडावरूनच व्हायला हवं होतं. झालं नाही. सुरुवात चवीपासून झाली. सगळ्याला धातूची चव. पाणीसुद्धा बेचव नाही, वाईट लागायचं. मग गालाच्या आत काहीतरी चिकटून बसल्यासारखं वाटायला लागलं, जिभेने सारखं चाचपत राहायची सवय लागली. एका दवाखान्यात जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या ठिकाणी तोंडात लावायचं औषध. त्याने बरं वाटलं. थांबवलं की परत. असं किती वेळा झालं ते सांगण्यात अर्थ नाही, पण एकदाही कोणी रक्त तपासायला सांगितलं नाही.

त्यानंतर गिळताना दुखायला लागलं. हे दुखणं घशात नव्हतं, छातीच्या मधोमध होतं. घास खाली उतरताना कुठपर्यंत पोचलाय हे बोट ठेवून दाखवता यायचं. कोमट पाणी चालायचं, गरम चालायचं नाही. जेवणाची वेळ झाली की मी काहीतरी काम काढून उठायचो. घरातल्यांना वाटलं भूक मेलीय. भूक होती, धीर नव्हता.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं, वजन विचारलं, आणि कुठलाही आडपडदा न ठेवता पण अतिशय मायेने चाचणीबद्दल बोलल्या. सीडीफोर दोन आकडी होता. फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत गिळता यायला लागलं, तो दिलासा शब्दांत सांगता येणार नाही. पण त्या बाईंनी त्याच वेळी बजावलं होतं की, ही गोळी तुम्हाला जेवायला लावेल, जगवणार आहे ती एआरटी.

कवडसाताई, तुम्ही धाग्याच्या नावात जे विचारलंय ते मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर फार बरं झालं असतं.

---

नदीकाठ

उंबरठा, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार.

मी एआरटी केंद्रात समुपदेशक आहे. तुमच्या अनुभवातलं छातीतलं दुखणं सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. तोंडातली बुरशी आणि गिळताना दुखणं किंवा घास अडकणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की अन्ननलिकेत बुरशी उतरली असं धरून उपचार सुरू करतात. पण बुरशी अन्ननलिकेत असते तेव्हा दरवेळी तोंडात दिसतेच असं नाही, हेही खरं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ओठांच्या कोपऱ्यातल्या चिरा दुसऱ्या टप्प्यात मोडतात, तोंडातली न हटणारी बुरशी तिसऱ्या टप्प्यात आणि अन्ननलिकेतली बुरशी चौथ्यात. ही वर्गवारी कागद रंगवायला केलेली नाही. मोठ्या माणसाचा सीडीफोर २०० च्या खाली असेल, किंवा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातला आजार असेल, तर त्याला 'बळावलेला एचआयव्ही आजार' म्हणतात आणि २०१७ पासून अशा माणसासाठी कामांचा एक संच ठरवून दिलेला आहे. क्षयाची तपासणी, सीडीफोर कमी असेल तर रक्तात क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या बुरशीची चाचणी, इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोलची गोळी, आणि एआरटी लवकर सुरू करणं किंवा चालू असलेली एआरटी का चालत नाही ते शोधणं.

म्हणजे टाळूवरचा थर दिसला की मेंदूच्या आवरणाला होऊ शकणाऱ्या बुरशीची चाचणी करायची. ऐकायला विचित्र वाटतं. पण मेंदुज्वर सुरू व्हायच्या आधी रक्तात क्रिप्टोकॉकस सापडला तर माणूस वाचवता येतो. क्षय आणि क्रिप्टोकॉकसचा मेंदुज्वर हीच या टप्प्यावर सर्वाधिक जीव घेणारी दुखणी आहेत. तोंडातल्या बुरशीने सहसा कोणी दगावत नाही, पण ती ज्या टप्प्यावर येते त्या टप्प्यावर माणसं दगावतात. आमच्याकडे रुग्ण आला की मी त्याला 'तोंड दाखवा' असं वजन-काट्यावरून उतरायच्या आत सांगते.

---

रानवारा

माझ्या थोरल्या भावासाठी विचारतो. वय साठीच्या पुढे. पॉझिटिव्ह आहे, एआरटी चालू. वरची पूर्ण कवळी आहे. टाळू कायम लाल असतो. बुरशीवरचं निस्टॅटिनचं औषध दिलंय, तो चमच्याने घेतो आणि गिळून टाकतो. फरक शून्य. औषध खराब आहे की बुरशी हट्टी?

---

कवडसा

रानवारा, दोन्ही नसावं असं मला वाटतं. निस्टॅटिन आतड्यातून रक्तात जवळपास शोषलंच जात नाही. ते बुरशीला जिथे प्रत्यक्ष लागेल तिथेच काम करतं. चमच्याने पटकन गिळलं तर टाळूला लागणारच नाही, त्यातून टाळूवर कवळी बसलेली. साधारण प्रमाण ४ ते ६ मिलिलिटर, दिवसातून ४ वेळा, पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तेच घ्यायचं. कवळी काढायची, औषध तोंडात सगळीकडे खेळवायचं, काही मिनिटं धरून ठेवायचं, मग गिळायचं. त्यानंतर अर्धा तास तरी काही खायचं-प्यायचं नाही.

क्लोट्रिमॅझोलच्या चघळायच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चावायच्या नाहीत, सावकाश विरघळू द्यायच्या. दिवसातून ५ वेळा घ्याव्या लागतात आणि इथेच बरेच जण ढेपाळतात. तोंड फार कोरडं असेल तर त्या विरघळतही नाहीत.

आणि कवळी. बुरशी कवळीच्या आतल्या बाजूला चिकट थर करून राहते. टाळूवर कितीही औषध लावा, रोज सकाळी तीच कवळी परत बसवली की सगळं मुळावर. रात्री झोपताना कवळी काढलीच पाहिजे. ब्रशने आतून-बाहेरून घासायची आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवून ठेवायची. सकाळी धुऊन मगच घालायची. क्लोरहेक्सिडिन आणि निस्टॅटिन एकमेकांना निकामी करतात, त्यामुळे क्लोरहेक्सिडिनने चूळ भरली तर लगेच निस्टॅटिन घेऊ नका, मध्ये चांगलं अंतर ठेवा. औषधांमधल्या साखरेकडेही लक्ष असू द्या. निस्टॅटिनच्या काही द्रावणांत आणि चघळायच्या गोळ्यांत साखर असते. खालचे स्वतःचे दात असतील तर ते किडू शकतात.

पण भावाचा शेवटचा सीडीफोर आणि व्हायरल लोड किती आहे? तुम्ही ते लिहिलं नाहीत.

---

रानवारा

कवळी तो रात्रीही काढत नाही, हे खरं. रिपोर्ट शोधून सांगतो.

---

टिपकागद

निस्टॅटिनचा विषय निघालाच आहे तर. हे औषध एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी शोधलं, १९५० मध्ये जाहीर केलं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीचे नमुने तपासायच्या, एकीने जंतू वाढवून काचेच्या बरण्यांतून टपालाने पाठवायचे, दुसरीने त्यातलं रसायन वेगळं करून परत टपालाने धाडायचं. माणसाला देता येईल इतपत सुरक्षित असं बुरशीविरोधी औषध त्यातून मिळालं. त्याच्या हक्काचे पैसे दोघींनी स्वतःकडे न ठेवता संशोधनाला दिले. मला ही गोष्ट दरवेळी सांगावीशी वाटते.

आता हट्टी बुरशीबद्दल. तोंडातल्या बुरशीला फ्लुकोनॅझोल बहुतेक ठिकाणी पहिली पसंती असते: दिवसाला १०० ते २०० मिलिग्रॅम, ७ ते १४ दिवस. अन्ननलिकेसाठी २०० ते ४०० मिलिग्रॅम, १४ ते २१ दिवस. हे औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणातलं एर्गोस्टेरॉल बनवू देत नाही. बुरशी मरत नाही, तिची वाढ थांबते, बाकीची सफाई शरीराला करावी लागते. ज्याचं शरीर तेवढं करू शकत नाही त्याला ती परत येणार, हे त्यातच आलं.

१९९० च्या सुमाराच्या वर्षांत एड्सच्या रुग्णांना हे औषध महिनोन्महिने द्यावं लागायचं आणि त्याला न जुमानणाऱ्या बुरश्या झपाट्याने वाढल्या होत्या. १९९६ पासून एकत्रित एआरटी आली, सीडीफोर चढायला लागले, आणि तो प्रश्न प्रयोगशाळेत नव्हे तर रुग्णांच्या शरीरातच बराचसा सुटला. आजही औषधाला दाद न देणारी बुरशी प्रामुख्याने कोणात सापडते? ज्यांचा सीडीफोर १०० च्या खाली रेंगाळलाय आणि ज्यांनी फ्लुकोनॅझोल पुन्हापुन्हा घेतलंय त्यांच्यात.

शिवाय कँडिडा म्हणजे एकटी अल्बिकन्स नव्हे. ग्लॅब्राटाला फ्लुकोनॅझोल जास्त द्यावं लागतं किंवा लागूच पडत नाही. क्रुसेई तर जन्मजात दाद देत नाही. डब्लिनिएन्सिस ही जात १९९५ मध्ये डब्लिनमधल्या एचआयव्ही रुग्णांच्या तोंडातूनच ओळखली गेली. तोवर ती अल्बिकन्समध्येच मोजली जायची. म्हणून नीट घेतलेल्या औषधाने एक-दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डोस वाढवत बसण्यापेक्षा नमुना कल्चरला (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला) पाठवा, जात ओळखा, कुठलं औषध चालतं ते बघा. पर्याय आहेत: इट्राकोनॅझोलचं द्रावण, पोसाकोनॅझोल, शिरेतून द्यायची औषधं.

एक विनंती मात्र आहे. उठसूट कल्चर करू नका. कँडिडा निरोगी तोंडातही असते, त्यामुळे 'कँडिडा वाढली' एवढा रिपोर्ट आला म्हणजे आजार आहे असं होत नाही. निदान करायला डोळे आणि गरज पडली तर काचपट्टीवर घेतलेला खरवड पुरतो. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की अस्तराच्या पेशी विरघळून धूसर होतात आणि धागे स्पष्ट दिसतात: लांब, मध्ये पेरं असलेले, कडेला गोल कळ्या. ते दिसले की शंका उरत नाही.

---

अबोली_

वाचतेय. मी सहसा फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय.

मी पॉझिटिव्ह आहे आणि तिसरा महिना चालू आहे. एआरटी गरोदर राहायच्या थोडं आधीच सुरू झाली. तोंडात पांढरे ठिपके आलेत. घरात मागच्या वेळच्या फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या उरल्या आहेत. घेऊ का? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे.

---

नदीकाठ

अबोली, त्या गोळ्या घेऊ नका. विचारलंत हे फार चांगलं केलंत.

पहिल्या तीन महिन्यांत फ्लुकोनॅझोल टाळतात. जास्त डोस बराच काळ घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगं नोंदली गेली आहेत. तोंडापुरती बुरशी असेल तर निस्टॅटिन किंवा क्लोट्रिमॅझोलसारखं जागच्या जागी काम करणारं औषध देतात. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. उद्याच केंद्रात फोन करा, तीन महिने आणि ठिपके या दोन्ही गोष्टी सांगा. गिळताना दुखत असेल तर उद्याच जा.

एआरटी एकदाही चुकवू नका. तुमचा व्हायरल लोड दाबलेला राहणं हे बाळासाठी सगळ्यात मोठं संरक्षण आहे. मळमळीमुळे गोळी उलटून पडत असेल तर तेही सांगा, लाजू नका, त्यावर उपाय असतो.

---

अबोली_

गिळताना दुखत नाही. सकाळची गोळी दोन-तीनदा उलटून पडली होती, मी कोणाला सांगितलं नव्हतं. उद्या फोन करते. आभारी आहे.

---

गवतफूल

एक विचारू का, राग मानू नका कोणी. घरात कोणाला अशी बुरशी असेल तर ताट-पेला वेगळा ठेवावा का? म्हणजे बुरशी किंवा तो विषाणू...

---

उंबरठा

राग कशाला. विचारलंत हे बरं केलंत.

नाही. एचआयव्ही लाळेतून, उष्ट्यातून, एका पेल्यातून पाणी पिण्याने पसरत नाही. आणि कँडिडा आधीच बहुतेक घरांत, बऱ्याच तोंडांत आहे. प्रतिकारशक्ती ठीक असलेल्याला ती माझ्या पेल्यातून येऊन आजारी पाडणार नाही. ज्याचा व्हायरल लोड सातत्याने न दिसण्याइतका कमी आहे त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही एचआयव्ही जात नाही.

माझ्या आजाराच्या काळात घरातल्या एकाने माझा पेला वेगळ्या फळीवर ठेवायला सुरुवात केली होती. कोणी काही बोललं नाही, मीही नाही. पण जेवण आधीच जात नव्हतं, ते त्या पेल्याकडे बघून अजून कमी झालं. तेवढं तरी कोणी करू नका.

---

कवडसा

उंबरठा, यात माझ्या क्षेत्रातल्या लोकांसाठीही एक गोष्ट जोडते. एचआयव्ही आहे म्हटल्यावर दात बघायला नकार देणारे अजूनही आहेत, आणि मला त्याची चीड येते. हातमोजे, मास्क, उपकरणांचं निर्जंतुकीकरण हे प्रत्येक रुग्णासाठी सारखंच करायचं असतं. जास्तीचं काही लागत नाही. रुग्ण आजार लपवतो तो नकाराच्या भीतीने, आणि लपवला की आम्हाला टाळूवरच्या लाल डागाचा अर्थ लागत नाही.

---

रानवारा

रिपोर्ट सापडले. सीडीफोर १४०. आधीच्या वर्षी ३६० होता. व्हायरल लोड तपासायला सांगितलाय असं कागदावर आहे, पण झालेलाच नाही. भावाला विचारलं तर म्हणाला गोळ्या 'बहुतेक वेळा' घेतो. आणि तो रक्त पातळ करायची वॉरफरिन पण घेतो, हे मी आधी लिहायला विसरलो. दुसऱ्या एका डॉक्टरांनी आज टाळूला लावायला मायकोनॅझोलचं जेल लिहून दिलंय.

---

टिपकागद

रानवारा, जेल लावू नका. त्या डॉक्टरांना आजच फोन करून वॉरफरिनबद्दल सांगा. मायकोनॅझोलचं तोंडातलं जेल वॉरफरिनचा परिणाम इतका वाढवू शकतं की गंभीर रक्तस्राव होतो. जेल बाहेरून लावायचं असतं म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण ते गिळलं जातं, शोषलंही जातं. फ्लुकोनॅझोलचंही वॉरफरिनशी असंच आहे. द्यायचंच झालं तर रक्त गोठण्याची चाचणी वारंवार करत, डोस बदलत द्यावं लागतं. कोणी आधीच एखादा डोस घेतला असेल आणि हिरड्यांतून रक्त, लघवीत लाली, काळं शौच, अंगावर निळे डाग असं काही दिसलं तर थेट रुग्णालयात.

बाकीच्यांसाठी: फ्लुकोनॅझोलमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम वाढून साखर फार उतरू शकते. क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे उलट होतं, फ्लुकोनॅझोल रक्तात कमी पडतं. एआरटीतल्या नेव्हिरॅपिनची पातळी फ्लुकोनॅझोलने वाढते. इट्राकोनॅझोलचं एआरटीतल्याच रिटोनाव्हिर आणि एफाव्हिरेन्झशी जमत नाही, एक त्याची पातळी वाढवतं, दुसरं घटवतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता, नावं आठवत बसू नका.

---

नदीकाठ

आणि रानवारा, आकडा ३६० वरून १४० झालाय, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कवळीपेक्षा इथे जास्त आहे. व्हायरल लोड या आठवड्यात करून घ्या. वाढलेला निघाला तर दोन शक्यता. गोळ्या सुटतायत, किंवा विषाणूने औषधाला दाद देणं सोडलंय. दोन्हीचा मार्ग वेगळा. भावाला रागावू नका. 'बहुतेक वेळा' म्हणणाऱ्या माणसामागे काहीतरी कारण असतं: विसरणं, कोणासमोर डबी उघडायची भीती, पोटाचा त्रास, मनाची उदासी. साठीनंतर एकटं पडणं हेही एक. बसून विचारा. आमच्याकडे अशा वेळी मी गोळीची वेळ त्या माणसाच्या रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला जोडते आणि घरातल्या एकाला, त्याला चालत असेल तर, सोबत घेते.

सीडीफोर २०० च्या खाली आहे, म्हणजे वर लिहिलेला चाचण्यांचा संच त्यांनाही लागू. खोकला, ताप, रात्रीचा घाम, सतत डोकेदुखी यातलं काही असेल तर वाट पाहू नका. टाळूवर किंवा जिभेवर न भरणारं व्रण असेल तर तेही दाखवा. हिस्टोप्लाझ्मासारख्या दुसऱ्या बुरश्याही तोंडात व्रण करतात, आणि तिथे तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही.

---

रानवारा

जेल परत केलं. वॉरफरिन असताना तोंडात जागच्या जागी काम करणारं निस्टॅटिनच बरं, असं डॉक्टर म्हणाले. परवा केंद्रात घेऊन जातो, मी स्वतः बरोबर जाणार आहे. कवळीबद्दल एक राहिलं: तिला धातूची जाळी आहे. एकाने ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवायला सांगितलंय. चालेल?

---

कवडसा

धातू असेल तर ब्लीच नको, धातू गंजतो. क्लोरहेक्सिडिन वापरा. त्याने कवळीवर तपकिरी डाग पडू शकतात, ते आमच्याकडे साफ करता येतात. कवळी खूप जुनी आणि सैल झाली असेल तर नवीन करायचा विचार करा, पण टाळूची लाली पूर्ण उतरल्यावरच माप घ्यायचं. केंद्रातून आलात की व्हायरल लोडचा आकडा इथे लिहा.